सड्यावरचा कुडा ओळखताना: फुलाला भुलू नका, शेंगांची जोडी बघा

पहिल्याच वर्षी मी सहावीच्या पंचवीस मुलांना सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, नेऊन चुकीचा कुडा दाखवला. पांढरी फुले होती, पान तोडले की दूध येत होते, पाने समोरासमोर होती. एवढ्यावर मी ठणकावून सांगितले, "हा पांढरा कुडा, याच्या सालीचे औषध पोटावर देतात." मुलांनी वहीत लिहून घेतले. पलीकडे काजूच्या बागेत सुकी पाने ओढत असलेले एक म्हातारे गावकर ऐकत होते. मुले पुढे गेल्यावर ते जवळ आले आणि हळूच म्हणाले, "बाये, फूल पळोवन मनीस फसता. शेंगो येवंदित." म्हणजे, फूल बघून माणूस फसतो, शेंगा येऊ देत.

खरे सांगायचे तर मला रागच आला होता. वनस्पतिशास्त्राची पदवी माझ्याकडे होती, त्यांच्याकडे नव्हती. पण श्रावणात त्याच झुडपाशी गेले तेव्हा फांदीवरून दोन लांब शेंगा लोंबत होत्या आणि त्यांची टोके एकमेकींना चिकटलेली होती, चुलीच्या चिमट्यासारखी. पांढऱ्या कुड्याच्या शेंगा अशा नसतात. तो काळा कुडा होता. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन मुलांना वहीतले नाव खोडायला लावले.

तेव्हापासून कुडा दाखवताना मी आधी शेंगा शोधते. आपल्याकडे "कुडा" हे नाव एका झाडाचे नाही, निदान चार झाडांचे आहे. चारही कण्हेरीच्या कुळातली, चारही चिकाची, आणि चारही गोव्याच्या सड्यांवर, डोंगरउतारांवर, पानगळीच्या रानात झुडूप किंवा लहान झाड म्हणून वाढणारी. नव्या माणसाने कुठून सुरुवात करावी आणि कुठे फसू नये, ते क्रमाने सांगते.

चौघांची नावे आधी देते, म्हणजे पुढे गोंधळ नको. पांढरा कुडा म्हणजे होलऱ्हेना प्युबेसेन्स. कोकणीत नुसते "कुडो" म्हटले की बहुतेक वेळा हाच. काळा कुडा म्हणजे राइटिया टिंक्टोरिया. तांबडा कुडा म्हणजे राइटिया आर्बोरिया. आणि नागलकुडा म्हणजे टॅबर्नेमोंटाना अल्टर्निफोलिया. तुम्हाला शोधायचा आहे तो पहिला. बाकीचे तिघे तुम्हाला चकवणार आहेत.

सोबत काय घ्यावे

- दहापट मोठे दाखवणारे भिंग. शाळेच्या सामानाच्या दुकानात मिळते ते मोठे गोल भिंग नको, सोनार डोळ्याला लावतो तसले लहान हवे.
- १५ सेंटिमीटरची पट्टी. फोटो काढताना पान आणि शेंग यांच्या शेजारी ठेवायची.
- वही आणि पेन्सिल. पेनाची शाई पावसात फुटते.
- जुनी वर्तमानपत्रे आणि दोन पुठ्ठे, पाने दाबून सुकवायला.
- हात पुसायला जुना रुमाल. चीक कपड्यावर पडला तर डाग राहतो.
- पाणी, टोपी, पायात बूट. सड्यावर सावली नसते आणि गवतात काय बसले असेल ते दिसत नाही.
- अभयारण्यात जाणार असाल तर ओळखपत्र आणि प्रवेशशुल्काचे सुटे पैसे.

चाकू किंवा कोयती नेऊ नका. ओळखण्यासाठी फांदी कापावी लागत नाही, एक पान पुरते.

१. कुठे जायचे आणि कधी

पहिल्या फेरीला अभयारण्यात जाऊ नका. बोंडला, मोले, नेत्रावळी, खोतीगाव या जागा सुंदर आहेत, पण तिथे झाडांची इतकी गर्दी की नवखा माणूस भांबावतो. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यातून परवानगीशिवाय काहीही तोडून आणता येत नाही. "एकच पान तर घेतले" हे तिथे चालत नाही.

त्यापेक्षा तुमच्या गावाजवळचा सडा गाठा. चिऱ्याच्या कातळाचा माळ, त्यावर पावसाळ्यात गवत आणि कडेकडेला झुडपांची रांग, असा सडा गोव्यात जवळजवळ प्रत्येक तालुक्यात आहे. कुडा सड्याच्या ऐन मध्यात क्वचित दिसतो. तिथे माती बोटभरही नसते. तो असतो कडेला, कातळाला जिथे भेगा पडतात आणि उतार सुरू होतो तिथे, किंवा जुन्या चिऱ्याच्या खाणीच्या काठावर, काजूच्या बागेच्या बांधाला, डोंगरातून काढलेल्या रस्त्याच्या कडेला. कुडा तोडला तरी बुंध्यापासून फुटतो, वणव्यानंतरही फुटतो, आणि कडू असल्यामुळे गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. म्हणून सड्यावर तो कमरेएवढे किंवा डोक्याएवढे झुडूप होऊन राहतो. हेच झाड रानात निवांत वाढले तर तीन-चार पुरुष उंच होते. उंचीवरून काही ठरवू नका.

सड्याची जमीन कोणाची ते विचारून घ्या. बरेच सडे कोमुनिदादीचे, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेचे आहेत, काही खासगी आहेत. काजूच्या हंगामात, म्हणजे साधारण मार्च ते मे, अनोळखी माणूस बागेच्या बांधाशी घुटमळताना दिसला तर कोणालाही संशय येणारच. मी हाक मारून आधी सांगते, "फुलां पळोवपाक आयल्यां," फुले बघायला आले आहे. लोक स्वतःहून चार झाडे जास्तीची दाखवतात.

वेळेचे म्हणाल तर एका फेरीत काम होत नाही. तीन फेऱ्या ठेवा. पहिली मे महिन्यात किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात, फुलांसाठी. दुसरी श्रावण-भाद्रपदात, हिरव्या शेंगांसाठी. तिसरी डिसेंबर-जानेवारीत, शेंगा उकलून कापूस उडायला लागतो तेव्हा. घाई असेल तर मधली करा, फुलांची सोडा. फोटो काढायला सगळे मे महिन्यातच जातात, आणि सगळे तिथेच फसतात.

२. हा कुडा आहे का, एवढेच आधी ठरवा

कोणता कुडा ते नंतर. सड्यावर पांढऱ्या सुवासिक फुलांची झुडपे पुष्कळ आहेत. चार गोष्टी ओळीने तपासा, त्यातली एक जरी चुकली तरी तो कुडा नाही.

पान तोडा, देठाशी पांढरा चीक आला पाहिजे. उन्हाळ्याच्या भर दुपारी चीक कमी येतो, तेव्हा कोवळ्या शेंड्याचे पान घ्या. चीक डोळ्याला लागू देऊ नका. हात पुसल्याशिवाय चष्मासुद्धा काढू नका, हा माझा अनुभव आहे आणि तो अर्धा दिवस चालला.

पाने फांदीवर समोरासमोर, जोडीजोडीने असली पाहिजेत. एकाआड एक असतील तर सोडून द्या. एका पेरावर तीन-चार किंवा जास्त पाने गोल बसली असतील तरी सोडा.

काटे नसले पाहिजेत. करवंदीला चीक आहे, पाने समोरासमोर आहेत, फुलेही पांढरी आणि वासाची आहेत. पण तिचे काटे तुमच्याआधी तुमच्या ओढणीला ओळखतात. गेळालाही काटे असतात, आणि त्याला चीक नसतो.

फुलाला पाच पाकळ्या असल्या पाहिजेत, आणि कळीत त्या पिळलेल्या दिसल्या पाहिजेत, छत्री गुंडाळावी तशा. चार पाकळ्या असतील तर ते बहुधा पापडी किंवा पिटकोळीच्या कुळातले काहीतरी आहे. त्या कुळात दोन पानांच्या देठांमध्ये खोडाला चिकटलेले एक लहान टोकदार उपपर्ण असते. भिंगातून एकदा बघून ठेवा, पुढे फार उपयोगी पडते. रानजाई किंवा कुसराची फुलेही पांढरी आणि वासाची असतात, पण तो वेल आहे आणि त्याला चीक नाही.

एक चकवा शेंगांच्या बाबतीतही आहे. सातवीण. तिच्याही शेंगा जोडीने लोंबतात, वीतदीड वीत लांब, पण दोऱ्यासारख्या बारीक. रस्त्याकडेच्या सातविणीचे रोप लहान असताना मला एका मुलाने "बाई, कुडा" म्हणून दाखवले होते. पाने मोजायला सांगितली. एका पेराभोवती सहा होती. विषय संपला.

३. पान हातात घ्या, मग सुकवा

पांढऱ्या कुड्याचे पान मोठे आणि रुंद असते, १० ते २० सेंटिमीटर, कधी त्याहूनही मोठे. देठ अगदी आखूड. मधल्या शिरेपासून दोन्ही बाजूंना निघालेल्या उपशिरा ठळक, जवळजवळ समांतर, दहा ते पंधरा जोड्या. पान उजेडासमोर धरले की त्या माशाच्या काट्यासारख्या दिसतात. मागच्या बाजूला बोट फिरवले तर बहुधा मऊ लव लागते. आमच्या आजोळी सत्तरीत याच पानांच्या पत्रावळी लावायचे. आजी पान निवडताना उलटे करून शिरा बघायची. आता वाटते, ओळख तिला मागच्याच बाजूने होती.

काळ्या कुड्याचे पान त्यामानाने लहान आणि निमुळते. टोक लांब ओढलेले, शेपटीसारखे. गुळगुळीत.

तांबड्या कुड्याचे पान हातात घेतल्याबरोबर कळते. दोन्ही बाजूंनी मखमल. एकदा स्पर्श झाला की पुन्हा विसरत नाही.

नागलकुड्याचे पान जाड, चकचकीत, तेल लावल्यासारखे, वर लव नाही. अंगणातली तगर तुम्ही पाहिली असेल, तिचेच हे रानातले मोठे भावंड समजा. याच्या शास्त्रीय नावातल्या "अल्टर्निफोलिया"चा अर्थ एकाआड एक पानांचा, पण पाने मात्र समोरासमोरच असतात. नाव वाचून झाड ओळखायला जाणाऱ्यांची इथे चांगली फजिती होते.

आता सुकवण्याची युक्ती. सड्यावरून दोन-तीन झाडांची एकेक पाने आणा आणि वर्तमानपत्रात दाबून पुठ्ठ्याखाली ठेवा. पावसाळा असेल तर कागद रोज बदला, नाहीतर बुरशी येते. आठवड्याभराने उघडा. काळ्या कुड्याचे पान सुकताना काळपट, निळसर झाक असलेले होते. पांढऱ्या कुड्याचे तपकिरी-हिरवट राहते. काळ्या कुड्याच्या पानांतून पूर्वी निळा रंग काढत, आणि "टिंक्टोरिया" या शब्दाचा अर्थही रंगकामाशी जोडलेला आहे. ही युक्ती मला इतकी आवडते की वर्गाच्या कपाटात दोन पाने शेजारीशेजारी चिकटवून ठेवली आहेत. मात्र नीट न दाबलेले, कुजलेले कुठलेही पान काळे पडते. तेवढी शहानिशा करा.

४. फूल बघाच, पण मध्यभागी

पाकळ्या बघू नका. पाकळ्या पांढऱ्या आणि पाचच असणार. फुलाचा मध्य बघा.

पांढऱ्या कुड्याच्या फुलाला खाली बारीक नळी असते, साधारण सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची. वर पाच पाकळ्या चक्रासारख्या पसरतात. मध्यभागी काहीही नसते. स्वच्छ. पुंकेसर नळीच्या आत तळाशी लपलेले असतात, ते दिसतच नाहीत. फुलांचे घोस फांदीच्या टोकाला आणि वास गोडसर, संध्याकाळी जास्त जाणवणारा.

काळ्या कुड्याच्या फुलाची नळी अगदी आखूड, असून नसल्यासारखी, आणि मध्यभागी पांढऱ्या तंतूंची झालर. त्या झालरीतून पुंकेसरांचा एक टोकदार सुळका बाहेर आलेला. फूल फ्रॉक घातल्यासारखे दिसते, असे मुले म्हणतात. एकदा झालर दिसली की होलऱ्हेना बाद.

तांबड्या कुड्यालाही झालर आणि सुळका असतोच, तो काळ्याचाच सख्खा. पण फुलाचा रंग पांढरा टिकत नाही. पिवळट, मग नारिंगी-गुलाबीकडे जातो, आणि वास चांगला नसतो. नाक जवळ नेऊन झाल्यावर हे सांगायची गरज उरत नाही.

नागलकुड्याचे फूल तगरीसारखे. झालर नाही, नळी आहे, म्हणजे पांढऱ्या कुड्याशी घोळ व्हायची भीती खरी याचीच. तो फुलतोही लवकर, फेब्रुवारी-मार्चपासून. अशा वेळी पानाकडे परत या: चकचकीत जाड की लवेचे आणि ठळक शिरांचे?

वनस्पतींच्या पुस्तकांत पाकळ्या कळीत डावीकडे वळतात की उजवीकडे, हेही लक्षण दिलेले असते. लक्षण खरे आहे. पण डावे कोणाचे, बघणाऱ्याचे की फुलाचे, यावर मी आणि माझ्या मैत्रिणीने एक अख्खी दुपार सड्यावर मान वाकडी करून घालवली आणि भांडून घरी आलो. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

मोबाइलचे ॲप वापरत असाल तर त्यालाही फुलाचा वरून काढलेला एकच फोटो देऊ नका. मध्यभाग जवळून, नळी बाजूने, पानाची मागची बाजू आणि शेंग, असे चार फोटो द्या. एका पांढऱ्या फुलावर ते तुम्हाला तगरीपासून मोगऱ्यापर्यंत काहीही सांगेल.

५. शेंगांची जोडी

इथे थांबा आणि वेळ द्या. गावकरांनी मला एका वाक्यात सांगितले होते ते हेच.

या चारही झाडांत एका फुलापासून दोन शेंगा होतात. एका देठावर जुळ्या. झाड कोणते, हे त्या जुळ्या एकमेकींशी कशा वागतात त्यावर ठरते.

पांढऱ्या कुड्याच्या जुळ्या वेगळ्या राहतात. देठाशी जोडलेल्या, तिथून पुढे दोघी सुट्या, समांतर लोंबणाऱ्या. लांबी वीतभर ते दोन वितीपर्यंत, म्हणजे २० ते ४० सेंटिमीटर, जाडी पेन्सिलीएवढी किंवा कमी. कोवळेपणी हिरव्या, त्यावर बारीक पांढरे ठिपके. भिंगातून ते ठिपके सालीवरच्या फोडांसारखे दिसतात. एका घोसात दहा-बारा शेंगा लोंबताना दिसल्या की लांबून वाटते, कोणीतरी चवळीच्या शेंगा वाळत घातल्यात.

काळ्या कुड्याच्या जुळ्याही तितक्याच लांब आणि बारीक, पण टोकाशी एकमेकींना धरून असतात. देठाशी जोडलेल्या, टोकाशी जोडलेल्या, मध्ये फट. चिमटा, किंवा फार तर शिकाऱ्याचे बंद धनुष्य. पिकत आल्या की टोके सुटतात आणि मग त्या पांढऱ्या कुड्यासारख्या दिसू लागतात. म्हणून मधली फेरी भाद्रपदापर्यंत करा असे मी वर म्हटले. जानेवारीत सुटी जोडी बघून "पांढरा" म्हणाल तर पुन्हा माझ्यासारखीच वेळ येईल. निदान दहा जोड्या तपासा. काळा कुडा असेल तर एखादी जोडी तरी अजून टोकाशी धरून असते.

तांबड्या कुड्याच्या जुळ्या तर पूर्ण चिकटलेल्या. लांबून बघणाऱ्याला एकच जाडजूड शेंग वाटते, अंगठ्याएवढी जाड, अंगावर खरखरीत पांढरट पुटकुळ्या. बोटाने चाचपले की मधून उभी खाच लागते. ती खाच म्हणजे दोघींमधली भिंत. पिकल्यावर तिथूनच उकलते.

नागलकुडा या तिघांत बसतच नाही. त्याची जोडी आखूड, बोटाच्या दोन पेरांएवढी, वाकलेली, पाठीवर कंगोरे असलेली, दोन होड्या पाठीला पाठ लावून ठेवाव्यात तशी. पिकली की पिवळी-नारिंगी होते, उकलते आणि आत लाल गर दिसतो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हे फळ ओळख नसतानाही हाताळलेले आहे. चतुर्थीच्या आधी माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर रानातली फळे-फुले टांगतात त्या चौकटीच्या, बाजारात कांगलां, कवंडळे, घागऱ्यो या रानफळांच्या ढिगात ही वाकडी जोडफळे असतात, आणि विकणारी बाई "नागलकुडो" म्हणूनच देते. माटोळीला बांधा, घरातल्या मुलांना तोंडात घालू देऊ नका. माटोळीवर टांगतो ते सगळे खायचे नसते.

शेंग उकलल्यावर आत काय, तेही बघून ठेवा. पांढऱ्या कुड्याची बी लांबट, जवाच्या दाण्यासारखी, आणि एका टोकाला तपकिरी रेशमी केसांचा झुबका. हेच इंद्रजव. जानेवारीच्या वाऱ्यात हे झुबके सड्यावरून उडत थेट घरांच्या व्हरांड्यात येतात. ते पकडून बी झुबक्यापासून तोडायची आणि फुंकर मारायची, हा आमच्या शाळेच्या मधल्या सुटीतला उद्योग आहे.

६. नावांचा घोळ आणि बाजारातले सापळे

पांढऱ्या कुड्याचे जुने शास्त्रीय नाव होलऱ्हेना अँटिडिसेंटेरिका. औषधांच्या बाटल्यांवर आणि जुन्या पुस्तकांत अजून तेच दिसते. झाड तेच, नाव बदलले, एवढेच. तांबड्या कुड्याचे जुने नाव राइटिया टोमेंटोसा, नागलकुड्याचे टॅबर्नेमोंटाना हेनिआना.

पण राइटिया अँटिडिसेंटेरिका हे वेगळेच झुडूप आहे. ते मूळचे श्रीलंकेचे, बुटके, बारमाही पांढऱ्या फुलांचे, मध्यभागी झालर असलेले. नर्सऱ्यांत ते शोभेसाठी मिळते. नाव ऐकून मीही एका नर्सरीतून "औषधी कुडा" म्हणून रोप आणले, कुंडीत लावले, पाहुण्यांना दाखवले. फूल दिसायला छान आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण तो आपल्या सड्यावरचा कुडा नव्हे. आपला कुडा हिवाळ्यात पाने गाळतो आणि वर्षभर फुलत नाही. कुंडीतले झाड बारा महिने फुलत असेल तर शंका घ्या.

दुसरा सापळा इंद्रजवांचा. पांढऱ्या कुड्याचे बी ते कडू इंद्रजव, काळ्या कुड्याचे ते गोड इंद्रजव. दोन्ही बाजारात मिळतात आणि एकमेकांत मिसळतातही. सालीचेही तसेच. कुटजाची साल म्हणून आयुर्वेदात जी सांगितली आहे ती पांढऱ्या कुड्याची. तिच्यातला कोनेसीन हा अल्कलॉइड प्रसिद्ध आहे, आणि तो काही खेळण्याची गोष्ट नाही. मी इथे झाड ओळखायला शिकवते आहे, औषध करायला नाही. जुलाब लागले तर डॉक्टरकडे किंवा वैद्याकडे जा. ओळख पटवण्यासाठी बी चावून बघू नका, चीक जिभेला लावू नका. गावात असे करणारी माणसे दिसतील, त्यांची जीभ चाळीस वर्षे शिकलेली असते.

कुड्याच्या फुलांची आणि कोवळ्या शेंगांची भाजी आपल्याकडे पावसाच्या तोंडाला करतात. आमच्या घरी फुलांची भाजी भरपूर कांदा आणि खोबरे घालून व्हायची, तरीही कडवट लागायची, आणि वडिलांना तीच आवडायची. ती खायची असेल तर फुले कोणी खुडली ते बघा. पहिल्या वर्षी तुम्ही स्वतः ओळखलेल्या झुडपाची भाजी करू नका. गावातल्या जाणत्या बाईला फांदी दाखवा, ती "व्हय" म्हणाली तरच चुलीवर ठेवा.

काळ्या कुड्याला कमी लेखू नका, हे मात्र सांगायला हवे. त्याचे लाकूड हस्तिदंतासारखे पांढरे आणि बारीक पोताचे. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाकडी खेळणी परंपरेने याच लाकडाची. मी त्याला चुकून पांढरा कुडा म्हटले, त्यात त्याचा काय दोष?

७. नोंद कशी ठेवायची

एका झाडाला वहीचे एक पान. वर तारीख आणि जागा. जागा "फोंड्याजवळचा सडा" अशी नको. कोणत्या वाटेने, कोणत्या देवळापासून किंवा पाणवठ्यापासून किती पावले, असे लिहा. मोबाइलवर ठिकाणाची खूण करून ठेवलीत तर उत्तम. खाली ओळीने: उंची, बुंधा एक की अनेक, पानाची लांबी-रुंदी, मागे लव आहे का, फुलात झालर आहे का, नळी किती लांब, जोडी सुटी की चिकटलेली. ओळखीचे नाव सर्वांत शेवटी आणि पेन्सिलीने.

नमुना जपायचा असेल तर फूल किंवा शेंग असलेली लहान फांदी, दोन-चार पानांसकट, जमीनमालकाला विचारून घ्या. एक पान उलटे करून दाबा, म्हणजे दोन्ही बाजू दिसतात. पूर्ण सुकल्यावर जाड कागदावर चिकटवा. संग्रहालयांत त्यासाठी साधारण ४२ बाय २८ सेंटिमीटरचा कागद वापरतात, आणि तेवढ्यात कुड्याची शेंग सरळ मावते की नाही हे तुम्हाला लगेच कळेल. मावली नाही तर इंग्रजी "व्ही"सारखी दुमडा, पण टोके कापू नका. टोकेच तर बघायची आहेत. पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे, तिथला सुकवलेल्या नमुन्यांचा संग्रह एकदा बघण्यासारखा आहे. महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनाही नमुना दाखवता येतो. फोटोपेक्षा नीट सुकवलेली फांदी नेलीत तर ते जास्त वेळ देतात.

खुणेसाठी झाडाला खिळा ठोकू नका, प्लास्टिकची दोरी बांधू नका. आणि खूण म्हणून शेजारच्या झुडपावर विसंबू नका. फेब्रुवारीत कुडा पाने गाळून उभा असतो तेव्हा सड्याच्या कडेची सगळी झुडपे सारखीच दिसतात, काड्यांचा भारा. मी एका वर्षी "मोठ्या गवताच्या ढिगाजवळ" असे लिहून ठेवले होते. ढीग अर्थातच नेलेला होता. आता कातळाची भेग, चिऱ्याचा बांध, विजेचा खांब क्रमांकासकट, अशाच खुणा लिहिते. झाड सापडले नाही तर उकललेल्या शेंगा खाली पडलेल्या असतात, त्या आधी शोधा. सुकल्यावरही जोडी देठाशी धरून असते.